एका युनिक्ससाठी बांधलेले प्रोग्राम दुसऱ्या युनिक्सवर चालवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे एखादा प्रोग्राम केवळ बायनरी, म्हणजे यंत्राला थेट चालवता येणाऱ्या तयार फाइलच्या, स्वरूपात आहे, तो एका युनिक्स प्रणालीसाठी बांधलेला आहे आणि काम मात्र दुसऱ्या प्रणालीवर करायचे आहे, अशा वाचकांसाठी हे पान आहे. आज्ञांची, फाइलींची आणि डिरेक्टरींची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

दोन्ही प्रणाली युनिक्स कुळातल्याच आहेत, तर एकीचा प्रोग्राम दुसरीवर थेट का चालत नाही?

युनिक्स प्रणालींमधील साम्य मुख्यतः सोर्स कोडच्या (प्रोग्रामच्या माणसाने लिहिलेल्या मजकुराच्या) पातळीवरचे आहे. पॉसिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामायिक मानकाची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये आली. फाइल उघडण्याच्या फंक्शनचे नाव काय असावे, त्याला काय द्यावे आणि त्याने काय परत करावे, हे त्या मानकाने ठरवले. परंतु त्या नावामागे कोणता आकडा असावा, हे ठरवणे प्रत्येक प्रणालीवर सोडले. सोर्स कोड कंपाइल होतो, म्हणजे त्याची बायनरी बनते, तेव्हा नावे मागे पडतात आणि त्या विशिष्ट प्रणालीचे आकडे बायनरीत कायमचे बसतात.

तयार बायनरीचे नाते तीन गोष्टींशी असते. पहिली म्हणजे फाइलचे स्वरूप आणि ती मेमरीत चढवणारा लोडर, दुसरी म्हणजे कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने क्रमांक सांगून कर्नलकडे केलेल्या मागण्या, आणि तिसरी म्हणजे सी लायब्ररीसह इतर सर्व लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते फंक्शनांचे संच. प्रोग्राम अडला की या तिघांपैकी नेमके कोण अडवते आहे, हे आधी शोधावे, असा आमचा आग्रह आहे. पुष्कळ लोक ही पायरी वगळून मंचांवर सापडतील त्या आज्ञा एकामागून एक चालवत बसतात आणि त्यात मूळ दोष आणखी झाकला जातो.

प्रोसेसर एकच असेल, तर वेगळे काय उरते?

बरेच काही उरते, आणि ते किती सूक्ष्म आहे हे प्रत्यक्ष आकडे पाहिल्याशिवाय पटत नाही.

एक्स८६-६४ प्रोसेसरवरील लिनक्समध्ये फाइलमध्ये लिहिण्याच्या सिस्टिम कॉलचा क्रमांक १ आहे. फ्रीबीएसडीमध्ये (बीएसडी कुळातील एका युनिक्स प्रणालीत) १ हा क्रमांक प्रोसेस संपवण्याच्या कॉलचा आहे. म्हणजे लिनक्सचा प्रोग्राम कोणत्याही भाषांतराविना फ्रीबीएसडीच्या कर्नलपुढे ठेवला, तर तो पडद्यावर पहिली ओळ लिहायला जाईल आणि तिथेच निमूटपणे संपेल. जुन्या ३२ बिट लिनक्समध्ये सुरुवातीचे क्रमांक मूळ युनिक्सच्या वळणाचे होते, म्हणजे संपवणे १, फोर्क (नवी प्रोसेस काढणे) २, वाचणे ३, लिहिणे ४ आणि उघडणे ५, आणि ते बीएसडीशी जुळतही होते. ६४ बिट आवृत्तीच्या वेळी लिनक्सने नवी क्रमवारी लावली आणि तेवढेही साम्य राहिले नाही.

क्रमांक जुळवून भागत नाही, कारण कॉलसोबत दिल्या जाणाऱ्या खुणाही निराळ्या आहेत. फाइलच्या शेवटी भर घालायची आहे, हे सांगण्यासाठी लिनक्सचा प्रोग्राम १०२४ ही खूण देतो. फ्रीबीएसडीमध्ये त्याच १०२४ चा अर्थ ‘फाइलमधील आधीचा मजकूर पुसून टाक’ असा आहे. लॉग फाइलमध्ये एक ओळ वाढवू पाहणाऱ्या प्रोग्रामने संपूर्ण लॉग रिकामा करावा, एवढा हा फरक आहे.

त्रुटींचे आकडेही असेच फसवे आहेत. ‘आत्ता शक्य नाही, पुन्हा प्रयत्न कर’ या त्रुटीचा आकडा लिनक्समध्ये ११ आणि बीएसडी प्रणालींमध्ये ३५ आहे. ‘डेडलॉक होईल’ (प्रोसेस एकमेकींची वाट पाहत अडकतील) या त्रुटीचा आकडा लिनक्समध्ये ३५ आणि बीएसडीमध्ये ११ आहे. दोन्ही आकडे परस्परांच्या जागी बसलेले आहेत, त्यामुळे भाषांतर राहून गेले तर प्रोग्रामला अनोळखी आकडा मिळत नाही, तर ओळखीचा पण चुकीचा आकडा मिळतो, आणि असा दोष शोधायला फार वेळ लागतो. शिवाय त्रुटी कळवण्याची रीतही वेगळी आहे. लिनक्सचे कर्नल परत येणाऱ्या मूल्यातच ऋण आकडा देते, तर फ्रीबीएसडी प्रोसेसरचा कॅरी फ्लॅग (एका बिटाची खूण) उभारून त्रुटीचा आकडा धन स्वरूपात देते.

सिग्नलांचेही, म्हणजे प्रोसेसला पाठवायच्या क्रमांकित निरोपांचेही, तेच. १० हा सिग्नल एक्स८६ वरील लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या मर्जीसाठी राखलेला पहिला सिग्नल आहे आणि अनेक सर्व्हर तो ‘कॉन्फिगरेशन पुन्हा वाच’ अशा निरोपासाठी वापरतात. बीएसडीमध्ये १० म्हणजे बस एरर (मेमरीच्या चुकीच्या वापराची त्रुटी), आणि ती हाताळली नसेल तर प्रोसेस मरते.

मग कर्नल हे कसे निभावते?

फ्रीबीएसडीमध्ये प्रत्येक प्रोसेससोबत एका तक्त्याचा पत्ता ठेवलेला असतो. कोणत्या क्रमांकाला कोणते काम, त्रुटींचे आकडे कसे बदलायचे, सिग्नल कसा पोहोचवायचा, हे सर्व त्या तक्त्यात असते. मूळच्या प्रोग्रामांना मूळचा तक्ता मिळतो आणि लिनक्सच्या प्रोग्रामांना लिनक्सचा. लिनक्सच्या तक्त्यातील बहुतेक नोंदी आकडे बदलून फ्रीबीएसडीच्याच कामाकडे वळतात. काही ठिकाणी मात्र खरी रचना करावी लागते. उदाहरणार्थ, अनेक फाइली व कनेक्शनांवर एकाच वेळी लक्ष ठेवणारी लिनक्सची ईपोल ही सोय फ्रीबीएसडीच्या केक्यू या यंत्रणेवर उभी केलेली आहे.

प्रोग्राम कोणत्या प्रणालीचा, हे ओळखण्याचे काम त्याआधीचे आहे. बहुतेक युनिक्स प्रणाली आज एल्फ हे फाइल स्वरूप वापरतात. त्याच्या शीर्षकातील आठव्या बाइटमध्ये प्रणालीची खूण असते : सोलारिससाठी ६, फ्रीबीएसडीसाठी ९, लिनक्ससाठी ३. प्रत्यक्षात लिनक्सचे बहुसंख्य प्रोग्राम ही जागा शून्यच ठेवतात. म्हणून कर्नल फाइलमधील नोट विभाग (जिथे प्रणालीचे नाव नोंदवता येते) पाहते आणि प्रोग्रामने कोणत्या लोडरचे नाव घेतले आहे, तेही तपासते. स्टॅटिक पद्धतीने, म्हणजे लायब्ररी पोटातच घालून, बांधलेल्या प्रोग्रामात लोडरचे नाव नसते. त्यात नोट विभागही नसेल, तर ओळख पटत नाही आणि एल्फचा प्रकार अज्ञात असल्याचा संदेश येतो. अशा वेळी ब्रँडएल्फ या आज्ञेने फाइलवर लिनक्सची खूण उमटवावी. मूळ फाइलची प्रत आधी काढून ठेवावी, कारण ही आज्ञा फाइलच बदलते आणि त्यानंतर चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही.

याला एम्युलेशन म्हणावे का? वेग किती घटतो?

प्रोसेसरच्या सूचनांचे कोणतेही रूपांतर होत नाही. गणित, स्ट्रिंगची कामे, चित्रांवरील प्रक्रिया हे सर्व मूळ वेगानेच चालते. वेळ जातो तो केवळ सिस्टिम कॉलच्या सीमेवर, आणि तिथेही बहुधा काही आकडे बदलण्यापुरताच. त्यामुळे या थराला एम्युलेटर न म्हणता सुसंगती थर म्हणणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

फ्रीबीएसडीवर लिनक्सचे प्रोग्राम चालवण्यासाठी काय तयारी लागते?

तीन गोष्टी लागतात : कर्नलचे मॉड्यूल, लिनक्सच्या लायब्ररींचे झाड आणि काही खास फाइलसिस्टिम.

मॉड्यूल फ्रीबीएसडीबरोबरच येते. आरसी कॉन्फ या सेवा ठरवण्याच्या फाइलमध्ये लिनक्सची सेवा चालू केली की ते यंत्र सुरू होतानाच चढते. ६४ बिट लिनक्स प्रोग्रामांची सोय २०१६ च्या १०.३ आवृत्तीपासून आहे. त्याआधी केवळ ३२ बिट प्रोग्राम चालत असत.

लायब्ररींचे झाड सामान्यतः ‘/कॉम्पॅट/लिनक्स’ या डिरेक्टरीत असते. लिनक्सचा प्रोग्राम ‘/लिब६४’ मधील एखादी फाइल मागतो, तेव्हा कर्नल ती आधी या झाडात शोधते आणि तिथे नसेल तरच खऱ्या मुळापासून शोधते. हे झाड मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तयार पॅकेज. सेंटओएस ७ या लिनक्स वितरणावर आधारलेले पॅकेज बराच काळ वापरात होते आणि नंतर रॉकी लिनक्स ९ वर आधारलेले आले. यातला फरक केवळ नावाचा नाही. सेंटओएस ७ मधील ग्लिबसी (बहुतेक लिनक्स वितरणांतील सी लायब्ररी) २.१७ आवृत्तीची आहे आणि रॉकी ९ मधील २.३४ आवृत्तीची, त्यामुळे अलीकडे बांधलेले अनेक प्रोग्राम पहिल्या झाडावर सुरूच होत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे डीबूटस्ट्रॅप या आज्ञेने डेबियन किंवा उबुंटूचे संपूर्ण मूळ झाड वेगळ्या डिरेक्टरीत उतरवणे आणि सीएचरूट करून, म्हणजे तीच डिरेक्टरी प्रोग्रामला मूळ म्हणून दाखवून, त्यात काम करणे. त्यात एपीटी (डेबियनचे पॅकेज बसवण्याचे साधन) चालत असल्याने लागेल ती लायब्ररी तिथल्या तिथे घेता येते. अनेक लायब्ररींवर विसंबणाऱ्या मोठ्या प्रोग्रामांसाठी आम्ही हाच मार्ग सुचवतो.

खास फाइलसिस्टिम विसरल्या जातात, आणि तिथे घोटाळा होतो. लिनक्सचे प्रोग्राम स्वतःविषयीची आणि यंत्राविषयीची माहिती ‘/प्रॉक’ आणि ‘/सिस’ मधून सर्रास वाचतात. त्यासाठी लिनप्रॉकएफएस आणि लिनसिसएफएस त्या झाडात माउंट केलेल्या (जोडलेल्या) असाव्या लागतात, तसेच सामायिक मेमरीसाठी ‘/डेव्ह/एसएचएम’ वर टेम्पएफएस (मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) असावी लागते. लिनक्सची सेवा सुरू केली की ‘/कॉम्पॅट/लिनक्स’ साठी हे आपोआप होते. झाड दुसरीकडे उभारले असेल तर ते हाताने करावे लागते.

फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असा संदेश का येतो?

हा प्रश्न इतका वारंवार येतो की त्याचे उत्तर सविस्तर देणे आम्ही कर्तव्य मानतो. संदेश खरा असतो, पण तो तुमच्या प्रोग्रामविषयी नसतो. डायनॅमिक, म्हणजे चालताना बाहेरून लायब्ररी घेणाऱ्या, प्रोग्रामच्या पोटात त्याच्या लोडरचा संपूर्ण मार्ग लिहिलेला असतो. कर्नल प्रोग्रामची फाइल उघडते, तो मार्ग वाचते, लोडर शोधायला जाते आणि तो न सापडल्यामुळे त्रुटी परत करते. शेलला (तुमच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला) केवळ त्रुटीचा आकडा मिळतो; कोणती फाइल सापडली नाही, हे त्याला कळत नाही, म्हणून ते तुमच्या प्रोग्रामचेच नाव छापते.

याचे सर्वांत परिचित उदाहरण अल्पाइन लिनक्सवर दिसते. तिथली सी लायब्ररी मसल आहे आणि तिच्या लोडरच्या नावातही मसल हा शब्द आहे. डेबियन, उबुंटू किंवा फेडोरावर बांधलेला प्रोग्राम मात्र ‘/लिब६४’ मधला ग्लिबसीचा लोडर मागतो, आणि तो अल्पाइनवर नसतो. ६४ बिट यंत्रावर ३२ बिट लायब्ररी नसताना ३२ बिट प्रोग्राम चालवला, तरी हाच अनुभव येतो.

तपासणी सोपी आहे. ‘फाइल’ ही आज्ञा प्रोग्रामवर चालवली की प्रोसेसर, बिटसंख्या आणि लोडरचा मार्ग एका ओळीत मिळतो. रीडएल्फ या आज्ञेने हेच अधिक तपशिलाने दिसते. एलडीडी ही आज्ञा लायब्ररींची यादी देते, पण काही परिस्थितीत ती प्रोग्राम प्रत्यक्ष चालवूनच ती यादी काढते. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलवर ती कधीही वापरू नये.

अल्पाइनवर जीकॉम्पॅट नावाचे पॅकेज ग्लिबसीच्या लोडरची जागा घेते आणि छोट्या प्रोग्रामांचे त्यावर भागते. मोठ्या प्रोग्रामांचे मात्र पुढे काही ना काही अडते. मसलमध्ये नव्या थ्रेडला मूलतः १२८ केबी स्टॅक (फंक्शनांच्या कामाची मेमरी) मिळतो, तर ग्लिबसीच्या प्रणालींवर सामान्यतः ८ एमबी. खोल रिकर्शन करणारा (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारा) प्रोग्राम एका ठिकाणी वर्षानुवर्षे सुखाने चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी अचानक कोसळतो, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

एका लिनक्सवरचा प्रोग्राम दुसऱ्या लिनक्सवर अडतो, तो का? कर्नल तर एकच आहे.

कर्नलकडून अडचण क्वचितच येते. वापरकर्त्यांचे चालते प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा नियम लिनक्सचे कर्नल फार कसोशीने पाळते आणि त्याबद्दल त्या मंडळींचे ऋण मानावे तितके थोडे आहे. अडचण ग्लिबसीच्या आवृत्तीची असते. ग्लिबसी आपल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची खूण लावते. जुन्या प्रणालीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, कारण जुन्या खुणा जपलेल्या असतात. नव्यावर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर गेला की अमुक आवृत्ती सापडली नाही, असे सांगून लोडर थांबतो. म्हणून जे इतरांना बायनरी वाटतात, त्यांनी ती आपल्याला आधार द्यायच्या असलेल्या सर्वांत जुन्या प्रणालीवर बांधावी.

नव्या यंत्रावरून ग्लिबसीची एकच फाइल उचलून जुन्या यंत्राच्या ‘/लिब’ मध्ये टाकू नये. लोडर आणि ग्लिबसी एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात. ते एकाच आवृत्तीचे नसतील तर यंत्रावरील प्रत्येक डायनॅमिक प्रोग्राम, अगदी एलएस आणि शेलसुद्धा, बंद पडू शकतो. नवी ग्लिबसी हवीच असेल तर तिचे झाड वेगळे ठेवावे किंवा कंटेनर (प्रोग्रामला त्याच्या लायब्ररींसह वेगळे ठेवणारा कप्पा) वापरावा.

प्रोग्राम पूर्णपणे स्टॅटिक बांधला तर प्रश्न सुटतो का?

लायब्ररीचा सुटतो, सिस्टिम कॉलचा सुटत नाही. लिनक्सपुरते हे उत्तर समाधानकारक आहे, कारण तिथे सिस्टिम कॉलचे क्रमांक स्थिर आहेत. मात्र ग्लिबसीसह स्टॅटिक बांधलेले प्रोग्राम वापरकर्त्यांची आणि होस्टची नावे शोधण्यासाठी तरीही डायनॅमिक लायब्ररी मागू शकतात, त्यामुळे अशा कामासाठी मसल अधिक बरी.

इतरत्र करार वेगळा आहे. मॅकओएसमध्ये ॲपल सिस्टिम कॉलच्या क्रमांकांची हमी देत नाही; लिबसिस्टिम या लायब्ररीतूनच जावे, अशी अपेक्षा आहे. गो भाषेचे प्रोग्राम पूर्वी कर्नलशी थेट बोलत असत, पण २०१८ मधील १.११ आवृत्तीपासून मॅकओएसवर त्या भाषेचा रनटाइम लिबसिस्टिममधून जाऊ लागला. ओपनबीएसडी त्याहून कडक आहे. २०१४ मधील ५.५ आवृत्तीत त्या प्रकल्पाने वेळ मोजण्याचा प्रकार सर्व प्रोसेसरवर ६४ बिटांचा केला आणि जुन्या बायनरी मागे सोडल्या. २०२४ मधील ७.५ आवृत्तीपासून प्रत्येक सिस्टिम कॉल लायब्ररीतील त्याच्या ठरलेल्या जागेवरूनच आला पाहिजे, अशी तपासणी कर्नल करते.

इतर प्रणालींवर काय सोय आहे?

नेटबीएसडीमध्ये लिनक्ससाठी सुसंगती थर आहे आणि त्याचे झाड ‘/एम्यूल/लिनक्स’ मध्ये असते. स्वतःच्याच फार जुन्या आवृत्त्यांचे प्रोग्राम चालवण्याची तिची परंपरा तर विशेष वाखाणण्याजोगी आहे. ओपनबीएसडीने लिनक्सचा थर २०१६ मध्ये ६.० आवृत्तीत काढून टाकला. सोलारिस १० मध्ये लिनक्सच्या प्रोग्रामांसाठी एलएक्स नावाचे झोन (प्रणालीतील वेगळे केलेले कप्पे) होते. सोलारिस ११ मध्ये ते नाहीत, परंतु सोलारिसच्या खुल्या सोर्समधून निघालेल्या इल्युमॉसवर आधारलेल्या स्मार्टओएसने ती कल्पना पुन्हा उभी केली आणि ६४ बिट प्रोग्रामांपर्यंत नेली. मॅकओएसचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी डार्लिंग हा प्रकल्प आहे. तिथे फाइलचे स्वरूप माक-ओ असल्याने लोडरपासूनच सुरुवात करावी लागते.

एससीओ किंवा झेनिक्स या जुन्या युनिक्स प्रणालींच्या काळातला प्रोग्राम आहे. तो आज चालेल का?

एकेकाळी लिनक्सवर आयबीसीएस नावाचे मॉड्यूल याच कामासाठी होते आणि अनेकांचे जुने हिशेबाचे प्रोग्राम त्यावर चालले. आज त्यामागे वेळ घालवण्यापेक्षा मूळ प्रणालीच आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकात) बसवावी. आपल्याकडे तिचा परवाना आणि डिस्कच्या प्रती असतील, तर त्या आधी सुरक्षित करून ठेवाव्यात.

प्रोसेसरच वेगळा असेल तर?

तिथे सुसंगती थर पुरत नाही, सूचनांचे रूपांतर करावे लागते. क्यूएमू हा एम्युलेटर ते दोन प्रकारे करतो : संपूर्ण यंत्र उभे करून, किंवा एकट्या प्रोग्रामच्या सूचना बदलून आणि त्याचे सिस्टिम कॉल यजमान कर्नलकडे पाठवून. लिनक्समध्ये बिनफएमटी-मिस्क या सोयीने असे प्रोग्राम नेहमीच्या प्रोग्रामांसारखे सुरू करता येतात. वेगातील घट येथे निश्चित जाणवते.

कोणते प्रोग्राम सुसंगती थरावर चालणार नाहीत, हे आधीच धरून चालावे?

जे कर्नलच्या अंतरंगाशी बोलतात ते. लिनक्सचे ड्रायव्हर आणि कर्नल मॉड्यूल तर अजिबात नाहीत. डॉकरसारखे कंटेनर चालवणारे प्रोग्राम नेमस्पेस (प्रोसेसना वेगळे ठेवणे) आणि सीग्रुप (त्यांच्या मेमरी व प्रोसेसरवर मर्यादा घालणे) या लिनक्सच्या खास रचनांवर उभे असल्याने फ्रीबीएसडीच्या लिनक्स थरावर चालत नाहीत. ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) वापरणारी निरीक्षणाची साधने आणि स्वतःचे सँडबॉक्स उभारणारे ब्राउझर यांच्याबाबतही सावध असावे.

इतरांसाठी कर्नलचा लॉग पाहावा. न लिहिलेला सिस्टिम कॉल एखाद्या प्रोग्रामने मागितला, तर फ्रीबीएसडी त्या प्रोसेसचा क्रमांक, नाव आणि त्या कॉलचे नाव नोंदवते. ती नोंद दिसली म्हणजे दोष सापडलाच, असे नव्हे. पुष्कळ प्रोग्राम नवा कॉल करून पाहतात आणि नकार मिळाला की जुन्या मार्गाने जातात. नोंद आणि कोसळणे एकाच क्षणी होत असेल, तरच तिला कारण मानावे. त्याहून खोल जायचे असेल तर ट्रस किंवा केट्रेस ही सिस्टिम कॉल नोंदवणारी साधने वापरून शेवटचे काही कॉल वाचावेत.

सुसंगती थर सुरक्षित असतो का?

तो सुरक्षेची भिंत नाही. लिनक्सचा प्रोग्राम त्या यंत्रावरील इतर कोणत्याही प्रोसेसच्या बरोबरीचा असतो. त्याला चालवणाऱ्या वापरकर्त्याला जे वाचता येते, ते सर्व त्यालाही वाचता येते. सीएचरूटही केवळ मार्ग बदलते. विश्वास नसलेला प्रोग्राम जेलमध्ये (फ्रीबीएसडीच्या बंदिस्त कप्प्यात) किंवा आभासी यंत्रात चालवावा.

इतके मार्ग आहेत, तर निवड कशी करावी?

सोर्स मिळत असेल तर पुन्हा कंपाइल करावे, आणि त्याआधी पोर्ट्स किंवा पॅकेजसंग्रहात तो प्रोग्राम आधीच नाही ना, ते पाहावे. सोर्स नसेल आणि प्रोग्राम साधा असेल, तर सुसंगती थर. प्रोग्रामला कर्नलच्या खास सोयी लागत असतील किंवा त्याच्यावर दुसऱ्या कोणाचे काम अवलंबून असेल, तर आभासी यंत्रात खरे कर्नल. मायक्रोसॉफ्टनेही विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवताना आधी सिस्टिम कॉलचे भाषांतर करून पाहिले आणि दुसऱ्या आवृत्तीत खरे लिनक्स कर्नल आभासी यंत्रात बसवले. भाषांतराचा थर नेहमी मूळ प्रणालीच्या मागून चालत असतो, हे निवड करताना विसरू नये.

प्रोग्राम सुरू झाला म्हणजे काम झाले, असे समजावे का?

समजू नये. सुरू होण्यासाठी लागणारे कॉल थोडे आणि नेहमीचे असतात. दोन प्रती एकाच वेळी चालवून फाइल लॉक पाळले जातात का, ते पाहावे. कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्राम तात्पुरत्या फाइली आवरून बाहेर पडतो का, ते पाहावे. डिस्क भरली असताना तो नीट त्रुटी दाखवतो का, हे छोट्या टेम्पएफएसवर तपासता येते. वेळ आणि वापरकर्त्यांची नावेही अवश्य पडताळावीत : लिनक्सच्या झाडात टाइमझोनची आणि पासवर्ड फाइलची वेगळी प्रत असेल, तर प्रोग्राम तीच वाचतो. यजमान प्रणालीवर नवा वापरकर्ता जोडला आणि त्या झाडातील प्रत जुनीच राहिली, तर प्रोग्रामला नावाऐवजी नुसता आकडा दिसतो किंवा तो वापरकर्ता अस्तित्वातच नाही, असे वाटते. त्या दोन फाइली यजमानाच्या बदलांबरोबर अद्ययावत राहतील, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी.